कणकेच्या सहा गोळ्या

माझे वडील आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे मास्तर होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत सरांनी आम्हाला एकच वाक्य शिकवलं, असं त्यांचे विद्यार्थी आजही थट्टेनं म्हणतात: आधी ग्रीस, मग रंग. घरातही ते वाक्य कशालाही लागू व्हायचं. परीक्षा तोंडावर आलेली असताना मी वह्यांना कव्हरं घालत बसलो की तेच. माझ्या लग्नाच्या बोलणीत मांडव केवढा घालायचा यावर चर्चा रंगली, तेव्हाही ते खुर्चीतून तेवढंच बोलले. अशा माणसाच्या हातून ग्रीसच्या वाटेवरच रंग बसला, आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या डोळस मुलाला तो चार वर्षं दिसला नाही. हे लिहिताना मला अजूनही राग येतो, आणि तो माझाच येतो.

नऊ वर्षांपूर्वी माय गच्चीच्या पायऱ्यांवरून घसरली. मणक्याचं ऑपरेशन झालं, ती वाचली, पण तेव्हापासून तिला पाव तासाहून जास्त बसवत नाही. खिडकीजवळची लाकडी खाट हेच तिचं घर झालं. कशाचीही तक्रार न करणाऱ्या या बाईनं एकच हट्ट धरला, आखाजीला माहेरी जायचं. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तो सासुरवाशिणींचा सण. मायचं माहेर वडनेर भोलजीला, म्हणजे बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरायचा, मलकापूर गाठायचं आणि हायवेनं पुढे. एसटीत तिला बसवणार कसं? मी अँब्युलन्सचं सुचवलं तर ती म्हणाली, "त्या गाडीतून उतरलेली पाह्यली तर माहा भाऊ दारातच हंबरडा फोडीन."

मग बाबांनी तिच्यासाठी खोली बांधली. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर पत्रा, दोन खिडक्या, आत पलंग, पंखा आणि पाण्याचा माठ, आणि खाली एक आस, दोन चाकं, दोन बाजूंना दणके सोसणारे कमानीचे पाटे. आमच्या जुन्या जीपच्या मागे ती जोडायची. गल्लीतले लोक तिला डबा म्हणत, बाबा खोली म्हणत. पलंग त्यांनी असा बसवला होता की मायची कंबर बरोबर आसावर यावी. मधोमध झोका कमी लागतो, असं त्यांचं गणित. अशा खोलीत माणूस निजवून नेणं नियमात बसतं की नाही, हे मी कोर्टात कारकून असूनही कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

खोलीतून जीपपर्यंत एक नायलॉनची दोरी होती आणि तिच्या टोकाला, जीपच्या पुढच्या काचेजवळ, मामानं दिलेली बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी. एकदा वाजली तर सगळं ठीक, दोनदा वाजली तर थांबा. खड्डा आला की बाबा घंटीकडे कान लावून बसायचे. माझी बायको मायच्या उशाशी असायची, पण दोरी मायच्याच हातात. आठ वर्षांत, जाऊन-येऊन सोळा खेपांत, घंटी कधीही दोनदा वाजली नाही. बाबांना त्याचा फार अभिमान होता. पाव्हण्यारावळ्यांत ते सांगायचे, "इकडच्या घाटात भल्याभल्यांच्या कंबरा जातात. आमची खोली फुलासारखी जाते."

चार वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. आधी डावा गेला, मग उजवा. आता त्यांना भिंत कुठे आणि दार कुठे एवढंच कळतं. गाडी चालवणं त्यांनी माझ्याकडे दिलं, पेपर वाचणं बायकोकडे दिलं. पण खंडेनवमी कोणाला दिली नाही. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. आयटीआयमध्ये असताना ते साऱ्या वर्कशॉपला रंग देत, आता खोलीला देत. खाली पोतं अंथरून ते खोलीच्या पोटाशी उताणे झोपत. डावा हात पुढे चाचपत जाई, उजव्या हातातला ब्रश मागून तांबडा रंग लावत येई. थेंब सांडत नसे. पाटे, ते सांगाड्याला टांगणाऱ्या पिना आणि शॅकलच्या कड्या, सगळं कुंकवासारखं लाल. मग चाकाला हळद-कुंकू, झेंडूचा हार, आणि मला प्रश्न, "राह्यलं काय रे कुठं?" मी उभ्या उभ्याच सांगायचो, "नाही बाबा. चकाचक."

ग्रीस मारणं माझ्याकडे होतं. पाट्यांच्या पिनांना बाहेरून छोट्या टोप्यांसारखे निप्पल असतात, एका बाजूला तीन, असे सहा. ग्रीस गनचं तोंड त्यावर दाबायचं आणि दांडा मारायचा, की ग्रीस आत पिनेपर्यंत जाते. मी दर महिन्याला चार-चार दांडे मारायचो. गनच्या तोंडाजवळून ग्रीस बाहेर यायची, ती चिंधीनं पुसायचो, हात धुवायचो आणि ऑफिसला जायचो. आम्हा कारकुनांचं असंच असतं. काम झालं का यापेक्षा शेरा मारला का, यावर आमची झोप अवलंबून.

यंदा आखाजीला पंधरा दिवस होते. टायरमध्ये हवा भरताना मला दिसलं की डावं टायर आतल्या अंगानं पार गुळगुळीत झालंय. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "सुतळी घे." जीपला जोडतो त्या हुकापासून आसाच्या उजव्या टोकापर्यंत सुतळी धरायची, गाठ मारायची, आणि तीच सुतळी डाव्या टोकाला लावायची. दोन्हीकडं सारखी भरली पाहिजे. डावीकडे दीड बोट कमी पडली. म्हणजे आस सरकला होता. बाबांनी सुतळीची गाठ बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "मलकापूरले फोन लाव."

मलकापुरात हायवेला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं कमान-पाट्याचं दुकान आहे. आता तोही पिकल्या केसांचा. "खोली हालवू नका, सर. मीच येतो," असं म्हणून तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं पाटे, पिना, पिनेभोवती बसणारे पितळी बुश असं सगळं पोत्यात बांधून वर आला. बाबांच्या पाया पडला. बाबांनी अंगणात खुर्ची टाकून घेतली, बरोबर मायच्या खिडकीखाली. माय आतून सगळं ऐकत होती.

त्यानं उजव्या चाकाला विटा लावल्या, जॅक चढवला, खाली लाकडी ओंडके दिले, डावं चाक काढलं. लालभडक पाटे बघून तो हसला. "सर, नवरीसारखी सजवली." मग स्क्रूड्रायव्हरनं रंग खरवडू लागला. रंग पापुद्र्यांनी निघत होता, एकाखाली एक, आठ नवमींचे आठ. त्यानं लोखंडी पहार शॅकलच्या फटीत घातली आणि वर उचलली. खट असा आवाज आला. पुन्हा उचलली, पुन्हा खट. आता तो हसत नव्हता. पिन ठोकून बाहेर काढली तर एका अंगानं झिजून वापरलेल्या खडूसारखी झालेली. बुश म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसता पितळेचा चुरा सांडला. मुख्य पाट्याच्या डोळ्याशी, म्हणजे पिन जाते त्या गोल वळणाशी, केसासारखी चीर होती. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "घाटात हा डोया उघडला असता न दादा, तर खोली बसली असती."

मग त्यानं निप्पल खरवडला. टोकाच्या बारीक छिद्रात रंगाचं बूच घट्ट बसलं होतं. दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. पलीकडे जाऊन उजवीकडचे तीन पाहिले. सहाही बंद. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. चार वर्षं मी जी ग्रीस पुसत होतो, ती आत गेलेलीच नव्हती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मनात आली आणि मी शरमलो, कारण यातला आंधळा मी होतो.

"काय निघालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, सर," विद्यार्थी म्हणाला. "मालच हलका होता. आजकालचे बुश काही कामाचे नाही."

"मालाले नाव ठुवू नको. तो बुश म्या निवडला होता. पिन इकडं दे."

पिन त्यांनी दोन बोटांत फिरवली. झिजलेल्या बाजूवर अंगठा घासला, नाकाशी नेला. "कोरडी हाय," ते म्हणाले. "हिले ग्रीस लागलीच नाही. तू मारत होता ना रे?"

"हो बाबा. दर महिन्याला."

ते उठले. विद्यार्थ्याचा खांदा धरून खोलीशी उकिडवे बसले. हात पाट्यावरून सरकत निप्पलवर आला आणि थांबला. अंगठ्याच्या नखानं त्यांनी छिद्र शोधलं. ते सापडत नव्हतं. मग ते एकच शब्द बोलले, "कणीक." आणि भिंतीला हात लावत घरात निघून गेले.

"काय म्हटलं सरनं?" विद्यार्थ्यानं विचारलं. मला तरी कुठे कळलं होतं.

मायनं खिडकीतून हाक मारली. मी आत गेलो. ती छताकडे बघत होती. "त्यायनं कणीक म्हटलं ना?" तिनं विचारलं. मी मान हलवली आणि तिनं डोळे मिटले.

मग तिनं सांगितलं. आयटीआयच्या दिवसांत खंडेनवमीला पहाटे ती कणीक मळायची, आणि पोळ्या लाटण्याआधी गोळ्या करून डब्याच्या झाकणात बाबांना द्यायची, बोराएवढ्या, पन्नास-साठ. वर्कशॉपमधल्या प्रत्येक यंत्राच्या तेलाच्या छिद्रावर, प्रत्येक निप्पलवर बाबा एकेक गोळी चिकटवायचे, मग रंग द्यायचे. रंग वाळला की गोळी उपटायची, खाली निप्पल कोरा. पोरं हसायची, सर कणकेनं मशीन लिंपतात म्हणून.

"खोली बांधली तवा त्यायले डोये होते," ती म्हणाली. "रंग लागला तर दिसे, चिंधीनं पुसून टाकत. डोये गेल्यावर कणीक पाह्यजे होती. मले आठवत होतं. पण मी इथं पडून. तुह्या बायकोले सांगाचं होतं, तर सांगतलं नाही."

"काऊन नाही सांगतलं, माय?"

"सांगतलं असतं तर त्याचा अर्थ झाला असता, तुमाले आता दिसत नाही."

मग एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. झिजलेल्या पिनेचा तो खट आवाज बरोबर पलंगाखाली होता. तिची कंबर बरोबर आसावर होती. मी विचारलं, "तुले दणके बसत नव्हते?"

"दोन वर्षं झाले. डाव्या अंगाले. खट वाजलं की कंबरेत कळ जाये."

"मग घंटी?"

"एकदाच वाजवत होते." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोनदा वाजवली असती तर तुमी खोली उभी करून टाकली असती. माही आखाजी गेली असती, अन् त्यायची नवमीबी."

माझी बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मला शपथ घातली होती हो. दणका बसला की पदर दाताखाली धरायच्या." मला दोघींचा संताप आला. मग आठवलं की दर खेपेला घंटी एकदा वाजली की मी बाबांकडे बघून हसायचो आणि वेग वाढवायचो. संताप कोणावर काढणार? मी वळलो तर मधल्या दाराशी बाबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते वळले आणि माजघरात जाऊन पडून राहिले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

विद्यार्थी मुक्कामी राहिला. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंचे पाटे उतरवले. उजवीकडचे अजून चालले असते, पण एकाच बाजूचे नवे घातले तर खोली तिरपी चालते. नवे बुश ठोकून बसवले, पिना घातल्या, आसाला पाट्यांशी बांधून धरणारे यू-बोल्टही नवे घातले. सुतळी धरली, दोन्हीकडे गाठ बरोबर आली. हे सगळं होईपर्यंत बाबा आलेच नव्हते. शेवटचे नट आवळायचे राहिले तेव्हा ते बाहेर आले आणि पान्यासाठी हात पुढे केला. आठही नट त्यांनी स्वतः आवळले. मग म्हणाले, "गन आण."

त्यांनी निप्पल अंगठ्यानं शोधला, गनचं तोंड दाबलं, दांडा मारला आणि मला म्हणाले, "बोट लाव इथं. निप्पलपाशी नाही, शॅकलच्या फटीत." तिसऱ्या दांड्याला माझ्या बोटावर मऊ, थंड ग्रीस आली. "इथून निघाली तर मारली," ते म्हणाले. "गनच्या तोंडातून निघाली तर सांडली. आयटीआयतल्या एकेका पोराले हे सांगतलं. तुले सांगाचं राह्यलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

नव्या लोखंडाला गंज लागू नये म्हणून रंगाचा एक हात द्यायचा होता. विद्यार्थ्यानं ब्रश उचलला, तेवढ्यात बायको आतून आली. तिच्या हातात डब्याचं झाकण होतं आणि त्यात कणकेच्या सहा गोळ्या. "आईंनी दिल्या," ती म्हणाली. मायनं पडल्या पडल्या, छातीवर ताटली ठेवून त्या वळल्या होत्या. बाबांनी एकेक गोळी उचलून बोटांनी पाहिली. मग विद्यार्थ्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. सहा निप्पल, सहा गोळ्या, आणि त्यावरून रंग. मी यावेळी उभा राहून बघितलं नाही. पोत्यावर त्यांच्या शेजारी झोपलो.

निघताना विद्यार्थ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "नवे पाटे कडक असतात, दादा. पहिल्या दोन-चार खेपा जरा दणकतील. मग अंगवळणी पडतात."

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. बाबा माझ्या शेजारी, मागे खोलीत माय आणि बायको. गाव संपेपर्यंत रस्ता बरा होता. एका गतिरोधकावर घंटी एकदा वाजली. बाबांनी मान खाली घातली. आजवर त्या आवाजानं त्यांचा चेहरा खुलायचा. आता त्या एका ठोक्याचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक होता.

राजूरच्या घाटात दुसऱ्या वळणावर रस्ता उखडलेला होता. मी हळूच घातली, तरी खोलीचं चाक आपटलं. मी घंटीकडे पाहत राहिलो. ती वाजली नाही. बाबांनी कान तिकडे लावला होता. मग घंटी वाजली, एकदा. आणि आम्ही श्वास सोडायच्या आत पुन्हा वाजली.

"थांबव," बाबा म्हणाले.

मी कडेला घेऊन चाकाखाली दगड लावला. माझा हात धरायला न थांबता बाबा पत्र्याला हात लावत मागे गेले, दार उघडून आत चढले. मी दाराशी उभा राहिलो. माय त्यांच्याकडे बघत होती. त्यांना ते दिसत नव्हतं.

"काय झालं वं?"

"लागलं."

"कुठं?"

आठ वर्षांत त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता, कारण तो विचारायची वेळच तिनं कधी येऊ दिली नव्हती. मायनं त्यांचा हात धरला आणि कुशीवर वळून तो आपल्या पाठीवर, कंबरेच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवला. पिन शोधावी तसे त्यांचे अंगठा आणि बोटं तिथं हळूहळू फिरली आणि एका जागी थांबली. "इथं," माय म्हणाली. बाबा रडत होते, अगदी आवाज न करता. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडे एक गोधडी मागितली. ती चौपदरी घडी करून त्यांनी नेमकी त्या जागेखाली सारली, पुन्हा हात घालून पाहिलं, पुन्हा थोडी सरकवली. मायला विचारलं, तिनं अजून थोडी वर म्हटलं. ते पुन्हा जीपमध्ये आले नाहीत. बायको पुढे येऊन बसली.

घाट उतरेपर्यंत घंटी आणखी तीन वेळा दोन-दोनदा वाजली. तिन्ही वेळा मी थांबलो. वडनेरला पोचायला आम्हाला दीड तास उशीर झाला, आणि मामानं दारातच विचारलं, एवढा वेळ काऊन लागला? मायनं पडल्या पडल्याच उत्तर दिलं, "माही कंबर दुखून राह्यली होती."